वंशाबाहेरचा वारसा

१९२८ हे साल वैद्यकाच्या इतिहासात पेनिसिलिनचे साल म्हणून ओळखले जाते. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना काचेच्या बशीत उगवलेल्या बुरशीभोवतीचे जिवाणू विरघळून गेलेले दिसले. पुढची कथा शाळकरी मुलांनाही पाठ असते. परंतु त्याच शहरात, त्याच वर्षीच्या जानेवारीत, ब्रिटिश आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या फ्रेडरिक ग्रिफिथ नावाच्या एका अबोल डॉक्टरांचा दीर्घ निबंध 'जर्नल ऑफ हायजिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. त्याची आठवण आज विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारशी कोणाला नाही. फ्लेमिंग यांनी माणसाच्या हाती शस्त्र दिले. ते शस्त्र बोथट करण्याची जी विद्या जिवाणूंपाशी युगानुयुगे होती, तिचे पहिले दर्शन ग्रिफिथ यांना घडले होते. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, असे त्या काळी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

ग्रिफिथ न्यूमोनियाच्या जिवाणूंचा अभ्यास करीत होते. हे जिवाणू दोन रूपांत आढळतात. एकाच्या अंगावर शर्करेचे गुळगुळीत कवच असते. दुसऱ्याला कवच नसते व त्याच्या वसाहती खरखरीत दिसतात. कवचधारी जिवाणू प्राणघातक, कारण शरीरातील रक्षक पेशींना तो सहजी गिळता येत नाही. खरखरीत जिवाणू निरुपद्रवी. ग्रिफिथ यांनी कवचधारी जिवाणू उष्णतेने मारले व ते उंदरांना टोचले. उंदीर जगले. जिवंत खरखरीत जिवाणू टोचले, तरीही उंदीर जगले. मग त्यांनी मेलेले कवचधारी आणि जिवंत खरखरीत असे दोन्ही एकत्र टोचले. उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात जिवंत कवचधारी जिवाणू सापडले.

मेलेले जिवाणू पुन्हा जिवंत झाले होते काय? तसे नव्हते. ग्रिफिथ यांनी मोठ्या दक्षतेने खरखरीत जिवाणू दुसऱ्या प्रकारचे घेतले होते आणि मारलेले जिवाणू तिसऱ्या प्रकारचे. उंदरांच्या रक्तात मिळाले ते तिसऱ्या प्रकारचे कवच पांघरलेले जिवंत जिवाणू होते, आणि त्यांची पुढची पिढीही तसेच कवच घेऊन जन्मत होती. मृताकडून जिवंताकडे काहीतरी गेले होते, आणि जे गेले ते आता त्याच्या वंशात उतरत होते. ग्रिफिथ यांना वाटले, हा पोषणाचा प्रकार असावा. मेलेल्या जिवाणूंचा एखादा अंश खरखरीतांना कवच विणण्यासाठी कच्चा माल म्हणून मिळत असावा. आपण आनुवंशिकतेच्या गाभ्याला हात घातला आहे, हे त्यांना उमगले नाही. एप्रिल १९४१ मध्ये लंडनवरील जर्मन बाँबहल्ल्यात ते सहकारी विल्यम स्कॉट यांच्यासह मरण पावले.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील ऑस्वाल्ड एव्हरी यांचा प्रारंभी या निष्कर्षावर विश्वासच बसला नाही. न्यूमोनियाच्या जिवाणूंचे प्रकार कायम असतात या सिद्धांतावर त्यांचे आयुष्य उभे होते. पण त्यांच्याच प्रयोगशाळेतील तरुणांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि तो खरा ठरला. तेव्हा एव्हरी यांनी विरोध सोडून शोध सुरू केला: हे जे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाते, ते आहे तरी काय? उत्तराला अनेक वर्षे लागली. कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी या सहकाऱ्यांसह त्यांनी जिवाणूंचा अर्क काढला आणि तो टप्प्याटप्प्याने शुद्ध करीत नेला. प्रथिने पचवणारी द्रव्ये त्यात घातली तरी अर्काची शक्ती टिकून राही, डी.एन.ए. पचवणारे द्रव्य घातले की ती नाहीशी होई. १९४४ साली निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा एव्हरी सहासष्ट वर्षांचे होते. आनुवंशिकतेचे द्रव्य डी.एन.ए. आहे, असे ठामपणे म्हणण्याचे त्यांनी त्या निबंधातही टाळले. एवढा सावधपणा आजच्या काळात दुर्मिळच. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही, आणि त्या समितीच्या इतिहासातील ही एक मोठी चूक मानली जाते.

या शोधाचा एक अर्थ हळूहळू मान्य झाला, तो म्हणजे जनुके डी.एन.ए.ची असतात. दुसरा अर्थ मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिला. आनुवंशिकता केवळ आईबापांकडून येते असे नाही; ती शेजाऱ्याकडूनही येऊ शकते. ग्रिफिथ यांच्या प्रयोगातील दोन्ही जिवाणू एकाच जीवजातीचे होते, म्हणून त्यातली सारी खोली दिसली नाही हे खरे. तरीही दुर्लक्षाचे मूळ कारण वेगळे होते, असे मला वाटते. ते आपल्या मनातील एका चित्रात आहे.

ते चित्र झाडाचे. बुंधा, त्यातून फुटलेल्या फांद्या, फांद्यांतून डहाळ्या. आणि एकदा फुटलेली फांदी पुन्हा दुसरीला मिळत नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८३७ साली आपल्या वहीत असेच एक झाड रेखाटले होते, आणि १८५९ च्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथातील एकमेव आकृतीही शाखांचीच आहे. पण हे चित्र डार्विन यांच्या आधीचे आहे. माझ्या पिढीच्या सेमिनरीत तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षी फळ्यावर 'पोर्फिरीचा वृक्ष' काढून दाखवीत: वर द्रव्य, मग सजीव, मग प्राणी, मग मनुष्य. तिसऱ्या शतकातील त्या तत्त्वज्ञाच्या लेखनावरून मध्ययुगातील पंडितांनी बेतलेली ही मांडणी. मध्ययुगीन चर्चच्या रंगीत काचांवर इशायाच्या देहातून उगवलेला वंशवृक्ष असे, तोही याच घाटाचा. युरोपच्या मनाला जाती आणि वंश झाडाच्याच रूपाने दिसत आले, आणि आपल्या मनालाही काही वेगळे दिसत नव्हते. 'वंशवेल' हा शब्द आपलाच आहे. ब्र्नो येथील मठातील ऑगस्टिनियन संन्यासी ग्रेगोर मेंडेल यांनी १८६५ साली वाटाण्याच्या झाडांवरून जे नियम मांडले, तेही आईबापांकडून संततीकडे उतरणाऱ्या वारशाचे. ते नियम खरेच आहेत. चूक झाली असेल तर ती एवढीच, की वारसा येण्याची ती एकमेव वाट आहे असे धरून चालण्यात आले.

१९४६ साली एकवीस वर्षांच्या जोशुआ लेडरबर्ग यांनी एडवर्ड टेटम यांच्यासह दाखवून दिले की आतड्यातील ई-कोलाय जिवाणू एकमेकांना भिडून जनुकांची देवघेव करतात. १९५२ साली नॉर्टन झिंडर व लेडरबर्ग यांनी तिसरी वाट उघडकीस आणली: जिवाणूंना ग्रासणारे विषाणू एका जिवाणूची जनुके चुकून उचलतात आणि दुसऱ्यात नेऊन टाकतात. मुख्य जनुकसाखळीबाहेर असलेल्या डी.एन.ए.ला लेडरबर्ग यांनी 'प्लास्मिड' हे नाव दिले. हे बहुधा छोट्या कड्यांच्या रूपात असतात. हे सारे प्रयोगशाळेतले नवल होते. बाहेरच्या जगात त्याला काही महत्त्व असेल, हे प्रथम ओळखले जपानने, आणि तेही रक्ताच्या आवेच्या साथीत.

आव हा जपानचा जुना शत्रू. १८९७ सालच्या साथीत नव्वद हजारांवर लोकांना ती झाली, आणि त्याच साथीत कियोशी शिगा यांनी तिचा जिवाणू शोधून काढला. त्यांच्या नावावरून त्याला शिगेला म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दारिद्र्यात आव पुन्हा उसळली. सल्फाची औषधे आली, आणि काही वर्षांतच शिगेलाने त्यांना दाद देणे सोडले. मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल आली. १९५५ साली हाँगकाँगहून परतलेल्या एका रुग्णाच्या पोटात या चारही औषधांना न जुमानणारा शिगेला सापडला.

तोवरची समजूत अशी, की जिवाणूंत कधीतरी आपोआप बदल घडतो आणि औषधाच्या माऱ्यातून तेवढे बदललेले जिवाणू वाचतात. एका औषधापुरते हे पटण्यासारखे होते. पण असा बदल साधारण कोटीत एखाद्या जिवाणूत होणार. मग चार औषधांविरुद्धचे चार बदल एकदम एकाच जिवाणूत कसे व्हावेत? जपानी डॉक्टरांना आणखीही विसंगती दिसत होत्या. एकाच रुग्णाच्या विष्ठेत औषधाला दाद देणारा आणि न देणारा असे एकाच प्रकारचे दोन्ही शिगेला मिळत. ज्याला केवळ एक औषध दिले होते, त्याच्या पोटातील जिवाणू चारही औषधांना निर्ढावलेले निघत. आणि ज्या रुग्णाचा शिगेला असा निर्ढावलेला, त्याच्या आतड्यातील निरुपद्रवी ई-कोलायही तसाच निर्ढावलेला असे.

१९५९ साली तोमोइचिरो अकिबा आणि कुनितारो ओचियाई यांच्या दोन स्वतंत्र गटांनी साधीच गोष्ट केली. निर्ढावलेला ई-कोलाय आणि दाद देणारा शिगेला त्यांनी एकाच भांड्यात वाढवला. थोड्याच वेळात शिगेला चारही औषधांना निर्ढावला. जिवाणू गाळून काढलेल्या द्रवाने हे घडत नसे. दोन पेशींची प्रत्यक्ष भेट व्हावी लागे. म्हणजे चारही औषधांवरचा प्रतिकार एकाच गाठोड्यात बांधलेला होता, आणि ते गाठोडे एका जीवजातीच्या हातातून दुसरीच्या हाती जात होते. केओ विद्यापीठातील त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ साली इंग्रजीत या संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला आणि त्याला 'संसर्गजन्य आनुवंशिकता' असे नाव दिले. त्याआधीचे बहुतेक लेखन जपानी भाषेत होते आणि पाश्चात्त्य जगाने ते वाचलेच नव्हते. ज्या भाषेत आपण वाचत नाही त्या भाषेतही विचार चालू असतो, हे मोठ्या विद्यापीठांच्याही लवकर ध्यानात येत नाही. असो.

लंडनमध्ये नाओमी दत्ता यांनी १९५९ साली रुग्णालयात पसरलेल्या साल्मोनेलाच्या साथीतून हेच सिद्ध केले. पुढे जनावरांच्या खाद्यात मिसळल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांकडे लक्ष गेले. १९६९ साली ब्रिटनच्या स्वान समितीने शिफारस केली, की माणसाच्या उपचारात लागणारी औषधे जनावरांच्या वाढीसाठी वापरू नयेत; गोठ्यातील जिवाणू शिकला तर घरातल्या जिवाणूला शिकवणारच. आपल्याकडे उरलेल्या गोळ्या डबीत ठेवून पुढच्या तापाला घेण्याची किंवा शेजारणीच्या मुलाला देण्याची जी रीत आहे, तिच्यातील धोकाही हाच आहे. आपल्या पोटातील निरुपद्रवी जिवाणू त्या अर्धवट औषधातून शहाणे होतात, आणि ते शहाणपण स्वतःपाशी ठेवीत नाहीत.

ग्रिफिथ यांच्या न्यूमोनियाच्या जिवाणूचे पुढे काय झाले? तो बराच काळ पेनिसिलिनला नमत होता. १९६७ साली ऑस्ट्रेलियात एका रुग्णात तो किंचित निर्ढावलेला आढळला. १९७७ साली दक्षिण आफ्रिकेत अनेक औषधांना न जुमानणारा न्यूमोनिया पसरला. ब्रायन स्प्रॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जिवाणूंची जनुके वाचली, तेव्हा पेनिसिलिन ज्या प्रथिनांना पकडते त्यांची जनुके गोधडीसारखी निघाली: काही तुकडे त्याचे स्वतःचे, काही आपल्या तोंडात व घशात वस्ती करणाऱ्या दुसऱ्या जातीच्या स्ट्रेप्टोकॉकसकडून आलेले. तुकडे उचलण्याची रीत तीच, जी १९२८ साली उंदराच्या शरीरात दिसली होती. फ्लेमिंग यांच्या औषधावर ग्रिफिथ यांच्या जिवाणूने केलेली मात ती हीच.

उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी मात्र यास फार काळ रोगशास्त्राची बाब मानले. १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी पेशीतील रायबोसोमच्या आर.एन.ए.वरून सर्व सजीवांची नाती जुळवली आणि जिवाणूंहून निराळे असे आर्किया नावाचे कुळ उजेडात आणले. झाड पूर्ण होणार असे वाटू लागले. पण नव्वदच्या दशकात जिवाणूंच्या साऱ्या जनुकांचे वाचन होऊ लागले आणि प्रत्येक जनुक आपली वेगळी वंशावळ सांगू लागले. उकळत्या झऱ्यांजवळ राहणाऱ्या थर्मोटोगा नावाच्या जिवाणूची जवळजवळ चतुर्थांश जनुके आर्कियांच्या जनुकांशी जुळणारी निघाली. ई-कोलायची सुमारे १८ टक्के जनुके साल्मोनेलापासून त्याचा वंश निराळा झाल्यानंतर बाहेरून आलेली असावीत, असा हिशेब १९९८ साली मांडला गेला. २००२ मध्ये ई-कोलायच्या तीन वाणांची तुलना झाली, तेव्हा तिघांच्या एकूण प्रथिनांपैकी जेमतेम ३९ टक्के प्रथिनेच तिन्हींत समान होती. नाव एक, जात एक, आणि सामाईक संपत्ती निम्म्याहून कमी!

१९९९ साली कॅनडातील डलहौसी विद्यापीठाचे फोर्ड डूलिटल यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिले की जीवसृष्टीच्या मुळाशी झाड शोधणेच कदाचित चुकीचे. तिथे जाळे आहे. डलहौसी विद्यापीठ हॅलिफॅक्स शहरात आहे आणि हॅलिफॅक्स हे एव्हरी यांचे जन्मगाव. अशा योगायोगाला महत्त्व देऊ नये, पण तो नोंदवण्याचा मोहही आवरत नाही. पुढे २००९ साली, डार्विन यांच्या द्विशताब्दीच्या वर्षी, एका लोकप्रिय विज्ञान-साप्ताहिकाने मुखपृष्ठावर डार्विन चुकले असे ठळक अक्षरांत छापले. उत्क्रांती नाकारणाऱ्यांनी ते फडकवले आणि वैज्ञानिक संतापले. त्यांचा संताप योग्यच होता. बाहेरून आलेले जनुकही निवडीच्या चाळणीतून गेल्याशिवाय टिकत नाही, आणि हत्ती, आंबा, मनुष्य यांच्यापुरते झाडाचे चित्र आजही पुष्कळ अंशी खरे आहे.

पुष्कळ अंशी, पूर्णपणे नव्हे. आपल्या प्रत्येक पेशीत ऊर्जा निर्माण करणारे मायटोकाँड्रिया हे कधीकाळचे स्वतंत्र जिवाणू, असे लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली मांडले. त्यांचा निबंध आधी अनेक नियतकालिकांनी परत पाठवला होता. आज ते सर्वमान्य आहे, आणि त्या जिवाणूंची बरीच जनुके आपल्या पेशीच्या केंद्रकात कायमची स्थायिक झाली आहेत. मनुष्याच्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन विषाणूंच्या अवशेषांचा आहे. त्यातील एक जनुक तर आपल्या जन्मापाशी उभे आहे. मातेच्या उदरात गर्भाला पोसणाऱ्या वारेच्या बाह्य थरातील पेशी एकमेकींत मिसळून सलग पडदा होतात. ते मिसळणे घडवणारे सिन्सिटिन हे प्रथिन मूळचे विषाणूचे, असे २००० साली दिसून आले. ज्या युक्तीने विषाणू पेशीत शिरत असे, तीच युक्ती येथे मातेच्या आणि बाळाच्या मधली भिंत बांधते. उंदरांनी असेच जनुक वेगळ्या विषाणूकडून, वेगळ्या वेळी घेतले. त्यांतील एक काढून टाकले तर पिल्ले गर्भातच मरतात.

रताळ्याचीही एक गोष्ट आहे. वनस्पतींना गाठी आणणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू आपल्या डी.एन.ए.चा तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो, हे १९७७ साली मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले, आणि त्यातूनच जनुक-बदल केलेल्या पिकांचे तंत्र जन्मले. २०१५ साली लागवडीच्या रताळ्याचे २९१ नमुने तपासले गेले. त्या साऱ्यांत अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा तुकडा आधीपासूनच होता. माणसाने प्रयोगशाळा उभारण्यापूर्वी हजारो वर्षे तो तिथे होता. आपल्याकडे २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, २०१० साली बीटी वांगे थांबवण्यात आले, आणि दोन्ही वेळच्या वादात एका जीवजातीचे जनुक दुसरीत घालणे हे निसर्गाविरुद्ध आहे असे आवेशाने सांगितले गेले. उपवासाच्या दिवशी उकडून खाल्ले जाणारे रताळे त्या युक्तिवादाला पुरून उरते. याचा अर्थ असे प्रत्येक पीक निर्धोक असा मात्र नव्हे. बियाण्याची किंमत, कंपनीची मालकी, बोंडअळीचा पुन्हा वाढलेला जोर हे प्रश्न आपापल्या जागी उभेच आहेत. ते निसर्गाच्या नावावर सोडवता येणार नाहीत, एवढेच.

या विषयात उत्साहाच्या भरात घाईही झाली आहे. २००१ साली मानवी जनुकसंचाचे पहिले वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा शंभराहून अधिक जनुके जिवाणूंकडून थेट आपल्या पृष्ठवंशी पूर्वजांत आली असा दावा त्यात होता. काही महिन्यांतच इतर प्राण्यांची जनुके मिळवून पाहिल्यावर ती यादी झरझर आटली. २०१५ साली टार्डिग्रेड या चिवट सूक्ष्म प्राण्याची सहावा हिस्सा जनुके परकी आहेत असे जाहीर झाले. बहुतेक परकी जनुके नमुन्यात शिरलेल्या जिवाणूंची होती, हे वर्षभरातच उघड झाले. एव्हरी यांचा संयम अशा वेळी आठवतो.

जिवाणूंच्या बाबतीत मात्र अशा शंकेला जागा नाही, आणि तिथला धोका आपल्या दाराशी आहे. २००८ साली भारतीय वंशाच्या एका स्वीडिश रुग्णाच्या लघवीत अखेरच्या फळीतील प्रतिजैविकांनाही नष्ट करणारा जिवाणू सापडला. तो रुग्ण त्याआधी दिल्लीत रुग्णालयात होता, म्हणून जनुकाला एनडीएम-१ असे नाव पडले. त्यातील एनडी म्हणजे नवी दिल्ली. त्याच रुग्णाच्या आतड्यातील ई-कोलायकडेही ते जनुक होते, जपानी रुग्णांत जसे होते तसेच. २०१० साली या नावावरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. देशाची बदनामी, वैद्यकीय पर्यटनाविरुद्ध कारस्थान, असे पुष्कळ बोलले गेले. नावाबद्दलचा राग समजण्यासारखा आहे; रोगाला गावाचे नाव देणे न्यायाचे नाही. पण त्या गदारोळात जनुकाबद्दल फार थोडे बोलले गेले. २०११ साली दिल्लीतील नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोहोंत आणि रस्त्याकडेला साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये ते जनुक सापडल्याचे प्रसिद्ध झाले. ज्या जिवाणूंनी ते उचलले होते, त्यांत पटकीचा जिवाणू होता आणि शिगेलाही होता.

२०१४ पासून काही महत्त्वाची प्रतिजैविके विकताना दुकानदाराने चिठ्ठीची नोंद ठेवावी असा नियम आपल्याकडे लागू झाला. २०१५ च्या अखेरीस चीनमध्ये डुकरांत कोलिस्टिन या अगदी शेवटच्या औषधाला निष्प्रभ करणारे जनुक प्लास्मिडवर बसलेले आढळले; थोड्याच काळात ते अनेक देशांत मिळाले. कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिन घालण्यास भारताने जुलै २०१९ मध्ये बंदी केली. स्वान समितीने तेच सांगितले त्याला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती.